पहिल्या दिवशी केर काढत नाहीत

"बराबर नहीं."

आमच्या घरात तिने उच्चारलेले हे पहिले शब्द. नमस्कार नाही, हॅलो नाही. शारजातल्या अल मजाजमध्ये आम्ही नुकतंच बिऱ्हाड मांडलं होतं, खोकी अजून उघडायची होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटमधली चिनी बाई. बुटकी, काटक, केस आखूड कापलेले आणि गळ्यात शिंप्याची टेप. माझा गाऊन धरून माझी मुलगी सई उभी होती, तेव्हा तीन वर्षांची. बाईने सईकडे नीट पाहिलं, वाकली, तिच्या फ्रॉकची कॉलर दोन बोटांत धरली, एका बाजूने जरा ओढली आणि मान वर करून मला म्हणाली, "सिस्टर, ये बराबर नहीं."

फ्रॉक मी मुंबईहून मुद्दाम घेऊन आले होते. असा राग आला म्हणून सांगू! पण ती गेल्यावर मी पाहिलं, तर कॉलर खरंच वाकडी होती.

ती एका गारमेंट फॅक्टरीत चेकर होती. तयार शर्टांचे ढीग तिच्या टेबलावर यायचे आणि शिवणीवरून बोट फिरवून ती एकेक शर्ट पास किंवा नापास करायची. फॅक्टरीतले कारागीर आपल्याकडचे, पाकिस्तानातले, बांगलादेशातले. त्यामुळे चीनमधल्या शानडोंगच्या खेड्यातून आलेली ही बाई इंग्लिशच्या आधी हिंदी शिकली, आणि तीही फॅक्टरीपुरती. त्या हिंदीत जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोनच प्रकार होते. माझी पोळी, बराबर. आमच्या ह्यांची मिशी, बराबर नहीं. बिल्डिंगची लिफ्ट, जुलैचा घाम, मी सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवते ती सवय, सगळं नापास. आणि खरं सांगते, तिच्याकडून एखाद्या गोष्टीला 'बराबर' मिळालं की मला बोर्डात नंबर आल्याचा आनंद व्हायचा.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिच्यासमोरसुद्धा कधी घेतलं नाही. ती मला सिस्टर म्हणायची, मी तिला सिस्टर म्हणायचे, त्यात आमचं सगळं भागत होतं. नवरा त्याच फॅक्टरीत शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा. भला माणूस. लिफ्टमध्ये भेटला की हसायचा, आणि आपला मजला आला की पुन्हा एकदा हसायचा.

दर थोड्या महिन्यांनी ती सईचं माप घ्यायला यायची. खांदे, छाती, कंबर, उंची. टेप काखेत गेली की सई किंचाळायची, "आई, शी इज टिकलिंग मी!" मग ती घरच्या मशिनवर फ्रॉक शिवायची. आमचे हे हिशेबी. म्हणायचे, "असला फ्रॉक रोल्लाच्या बाजारात घ्यायला गेलीस तर चाळीस दिरहम. म्हणजे चारशे रुपये!" मी म्हटलं, घ्या मोजून, तुमचं कधी संपायचंय? पण माझ्या लक्षात आलं होतं की ती प्रत्येक वेळी दोन फ्रॉक शिवायची. एक सईला द्यायची. दुसरा, अगदी त्याच मापाचा, पातळ कागदात गुंडाळून कपाटात जायचा.

एकदा विचारलं, "सिस्टर, वो किसका?"

तिने पर्समधून फोटो काढला. गुबगुबीत गालांची, कपाळावर सरळ कापलेल्या केसांची मुलगी, आजीच्या मांडीवर. "मेरा लडकी. सई का उमर. सेम साल."

पोर चालायलाही लागली नव्हती तेव्हा तिला आजीकडे ठेवून ही इकडे आली होती. नवऱ्याचा पगार मुलीच्या व्हिसाच्या अटीत बसत नव्हता. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला ह्या अटी समजावून सांगाव्या लागत नाहीत. दोन वर्षांतून एकदा महिनाभराची सुट्टी. "मैं जाता है, वो पर्दा के पीछे," ती म्हणाली, "मेरा वापस आने का दिन, वो पर्दा से बाहर." हे सांगताना ती हसत होती. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून सईच्या मापाला मी कधी नको म्हटलं नाही.

त्या हिवाळ्यात एक आठवडाभर ती रोज संध्याकाळी स्टुलावर चढून भिंती पुसताना दिसायला लागली. पडदे धुतले, पंखे पुसले, गादीची खोळसुद्धा उसवून धुतली. मी दारातून विचारलं, "क्या सिस्टर, दिवाली है क्या?"

"हाँ," ती वरूनच म्हणाली, "चायना का दिवाली."

मग दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागद लागले, त्यावर काळ्या शाईची मोठी अक्षरं. आमचे हे त्यांच्यासमोर चष्मा वर करून बराच वेळ उभे राहिले, जणू काही वाचताच येणार होतं. चिनी वर्षाला तिथे सुट्टी कुठली? पण आदल्या रात्रीचं जेवण तिने सोडलं नाही, आणि त्या जेवणाला आम्हाला बोलावलं.

आता आमच्या ह्यांची गंमत ऐका. हे मूळचे अलिबागचे. मासा समोर आला की काटा तेवढा शिल्लक राहतो. त्यातून लहानपणापासूनची शिकवण, ताटात अन्न टाकायचं नाही. टेबलाच्या मधोमध अख्खा वाफवलेला मासा. ह्यांनी एक बाजू संपवली, दुसरी बाजू उलटायला घेतली, तेवढ्यात तिने आपल्या काड्या टक्कन ह्यांच्या चमच्यावर मारल्या. "खलास नहीं! कल के लिए!" हा मासा संपवायचाच नसतो म्हणे. जुन्या वर्षातलं थोडं नव्या वर्षाला उरलं पाहिजे, म्हणजे घरात काही कमी पडत नाही. हे चमचा खाली ठेवून असे बसले की मला पदर तोंडाला लावावा लागला.

त्याच जेवणात मी एक वाडगा पाहिला. भात वाढलेला, काड्या शेजारी ठेवलेल्या, आणि त्या खुर्चीवर कोणीच नाही. सई तिथे बसायला निघाली तर बाईने तिला अलगद उचलून पलीकडे बसवलं. मी डोळ्यांनीच विचारलं. ती म्हणाली, "लडकी का." घरातलं माणूस लांब असलं तरी त्या रात्री त्याचं पान वाढतात. आम्ही सगळे जेवलो, हसलो, ह्यांची थट्टा केली, आणि तो भात तसाच राहिला.

पुढे आम्ही तिचे सण शिकत गेलो, आणि ती आमचे. सप्टेंबरातल्या पौर्णिमेला ती आम्हाला गच्चीवर घेऊन जायची. हवेत एवढा दमटपणा की साडी अंगाला चिकटायची. तिथे चटई टाकून चंद्राच्या केकचे तुकडे करायचे, आत गोड सारण. एक महिना गेला की आमची कोजागिरी. मग मी आटवलेलं दूध घेऊन तिला त्याच गच्चीवर न्यायचे. पहिल्या वर्षी तिने आधी चंद्राकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, "सिस्टर, तुम लोग एक महिना लेट." दुधाला मात्र बराबर मिळालं, केशरासकट.

अशी काही वर्षं गेली. सई शाळेत जायला लागली. फ्रॉकांचा एक गठ्ठा दर वर्षी कोणा ना कोणाबरोबर चीनला जातच होता. आणि मग तिच्या नवऱ्याला बढती मिळाली. मशिनं दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांवर तो आता मुख्य झाला. त्या दिवशी ती आमच्याकडे धावत आली, चपलासुद्धा न काढता. "सिस्टर, लडकी का व्हिसा होगा!" तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

व्हिसा झालाही. मुलगी एका गाववाल्या बाईबरोबर येणार होती, चिनी नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात. ही उशा शिवत होती, पडदे शिवत होती, मध्येच थांबून मला विचारत होती, "वो मेरे को पहचानेगा?" मी म्हणायचे, "का नाही ओळखणार? आई आहेस तिची." मी अगदी ठासून म्हणायचे. पण तो पडदा माझ्याही डोक्यात होताच.

त्याच हिवाळ्यात माझ्या सासूबाई अलिबागहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दोघींना एकमेकींची एक अक्षर भाषा येत नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी दोघी ओट्याशी खांद्याला खांदा लावून उभ्या. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी ही बाई पिठाच्या पाऱ्या लाटून त्यात कोबी, अंडं आणि शेवयांचं सारण भरत होती. सासूबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्या तर करंज्या. सरक जरा." मोदकाला पाकळ्या काढणारी बोटं ती. असे काही सुबक मुडपे घातले की बाईने ते उचलून दिव्याखाली धरले, फॅक्टरीत शर्ट धरावा तसे. मग तिने सासूबाईंना अंगठा दाखवला. "अम्मा, बराबर!"

सासूबाई रात्री मला म्हणतात, "चिनी असली तरी शहाणी आहे हो."

त्या रात्री तिच्याकडेच जेवण झालं. सूर्यफुलाच्या बिया, भुईमुगाच्या शेंगा, लाल कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. टरफलं सगळे जमिनीवरच टाकत होते, आणि एवढी टापटिपीची बाई एक शब्द बोलत नव्हती. सासूबाईंच्या मनाला ते टोचलं असणार. पण परक्याच्या घरी बोलायचं कसं?

सकाळी ती आणि नवरा नेहमीसारखे फॅक्टरीत गेले. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची आणि त्यांची आमच्याकडे. उरलेल्या करंज्या फ्रिजमधून नेऊन खा, असं ती सासूबाईंना खुणेने सांगून गेली होती. मी सईला शाळेत सोडून बाजार करून आले तर समोरच्या घरात ही साफसफाई! सासूबाईंनी पदर खोचून आमच्या अलिबागच्या केरसुणीने हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, कोपरा न कोपरा झाडला होता. वर फिनेलने लादी पुसली होती.

"अगं, सणाचा दिवस, लेक यायची तिची, आणि घरात ही टरफलं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे केर काढून अवदसा बाहेर घालवतात ना? मी तर झाडताना इडापिडा जावो, असंही म्हटलं. तिला येत नसेल म्हणून."

मीही म्हटलं, छान केलंत. मला तरी कुठे काय माहीत होतं?

संध्याकाळी तिच्या दाराचा आवाज आला तसं आम्ही कौतुक ऐकायला बाहेर आलो. हेही नुकतेच हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसातून आले होते, टाय सैल करत उभे होते. ती उंबऱ्यातच थांबली होती. लादीकडे पाहत होती.

"झाडू कौन मारा?"

"मी!" सासूबाई पुढे झाल्या. "मैने मारा. एकदम चकाचक."

तिने चपलांच्या रॅकचा आधार घेतला आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आज पहला दिन," ती हळू म्हणाली. "पहला दिन झाडू नहीं. नया साल में जो अच्छा घर में आया, सब बाहर जाता है. मेरा लडकी आता है, सिस्टर. उसका रस्ता बाहर कर दिया."

पाच दिवस केर काढायचा नाही, काढलाच तरी घराबाहेर टाकायचा नाही. पाचव्या दिवशी सगळा एकदम बाहेर. म्हणून ती आधी आठवडाभर भिंती पुसत होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

आमचे हे समजूत घालायला गेले. "सिस्टर, कुछ नहीं होता. ये सब मानने का नहीं."

"तू गप्प बस रे!" सासूबाई त्यांच्यावर अशा कडाडल्या की मीही दचकले. "तू नोकरीला मुंबईला निघायचास ना, तेव्हा तू पोचेपर्यंत मी घरात केरसुणी हातात धरली नाही कधी. माणूस वाटेवर असताना त्याच्यामागे केर काढायचा नसतो. हे मला कळत नाही होय? हिच्याकडे वेगळं असेल असं वाटलं मला. मेल्या माझ्या हातांना काय खाज सुटली होती!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी पदराने पुसलं आणि मला विचारलं, "केराची पिशवी कुठे जाते गं इथे?"

पिशवी जिन्याजवळच्या झडपेतून खाली जाते. खाली तळमजल्यावर कचऱ्याची खोली, आणि रात्री म्युनिसिपालटीची गाडी येऊन सगळं नेते. गाडी अजून आली नव्हती. सासूबाई पुढे, मी मागे, आणि आमच्या मागून ती, अजून फॅक्टरीच्या कपड्यांत. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, पेशावरकडचे म्हातारे खानभाई. त्यांनी आम्हा तिघींना कचऱ्याच्या खोलीचं दार उघडून दिलं आणि विचारलं, "अम्मा, कचरे में सोना गिरा क्या?"

"सोने से जास्ती है," सासूबाई म्हणाल्या. "शोधा."

पिशव्या सगळ्या सारख्याच काळ्या. खानभाई एकेक गाठ सोडत होते, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये काल कोण काय जेवलं ते आम्हाला कळत होतं. शेवटी सासूबाईंना आठवलं की त्यांनी आमच्या घरच्या मेथीच्या काड्याही त्याच पिशवीत कोंबल्या होत्या. मेथी सापडली आणि तिच्याखाली टरफलं, बिया, लाल कागद. सासूबाईंनी पिशवी छातीशी धरली. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची मंडळी होती, ती नाक दाबून भिंतीला चिकटली. आम्ही तिघी सरळ समोर पाहत उभ्या.

तिच्या हॉलच्या कोपऱ्यात केर पुन्हा ओतला. मी मेथीच्या काड्या निवडून बाजूला काढायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"ये भी रखो," ती म्हणाली. "अभी मिक्स हो गया."

आणि मग ती हसायला लागली. सासूबाईही हसल्या. तिथेच जमिनीवर, केराच्या ढिगाशेजारी बसून आम्ही तिघी पोट धरून हसलो. पुढचे चार दिवस त्या घराला सुकलेल्या मेथीचा वास येत होता, आणि नवरा बिचारा येता-जाता त्या ढिगाला वळसा घालून चालत होता.

पाचव्या दिवशी तिने स्वतः तो केर बाहेर टाकला. आणि त्याच संध्याकाळी चीनहून फोन आला. मुलीला ताप भरला होता. बरोबर येणारी गाववाली बाई थांबू शकत नव्हती, ती एकटीच विमानात बसली होती. शेजारीण आम्हाला सांगायला आली ती दारातच उभी राहिली. सासूबाईंना ती एक शब्दही लागेल असं बोलली नाही. पण सासूबाईंचा चेहरा मला पाहवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देव पाण्यात ठेवले. म्हणजे अगदी खरोखर. आमचा पितळेचा छोटा गणपती स्टीलच्या वाडग्यात बुडवून फ्रिजवर ठेवला. ती आली, तिने वाडग्यात डोकावून पाहिलं, "ये क्या?" मी सांगितलं, लडकी येईपर्यंत आता हे असेच पाण्यात. तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. त्यानंतर रोज फॅक्टरीतून आली की आधी आमच्याकडे यायची आणि वाडग्यात पाणी कमी वाटलं तर नळाखालून पेला भरून घालायची. आमचे हे काही बोलले नाहीत. एकदाच बोलून त्यांना अनुभव आला होता.

फेब्रुवारी संपता संपता मुलगी आली. एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो होतो, ह्यांच्या गाडीत दाटीवाटीने. तिची आई लाल कोट घालून कठड्याला धरून उभी. ओळखीच्या कोणा चिनी माणसाचं बोट धरून एक लहानसा जीव बाहेर आला. कपाळावरचे केस सरळ कापलेले, फोटोतल्यासारखेच. आई पुढे धावली आणि गुडघ्यांवर बसली. मुलगी त्या माणसाच्या पाठीमागे गेली. तिथून काहीतरी पुटपुटली. आई उठली, आमच्याकडे वळून हसत म्हणाली, "मेरे को आंटी बोला."

सासूबाईंनी घरी येऊन गणपती पाण्यातून काढला, पुसला, नैवेद्य दाखवला. "पोर आली ना सुखरूप? बाकीचं होईल हळूहळू," त्या म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात त्या अलिबागला गेल्या. जाताना त्या दोघी लिफ्टसमोर बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

पण बाकीचं हळूहळूसुद्धा होत नव्हतं. पोर आमच्या घरात रमायची. सई आणि ती, दिवसभर कॉरिडॉरमध्ये धुडगूस. कुठली भाषा बोलायच्या देव जाणे. सईचं इंग्लिश, थोडं मराठी, खालच्या अरब मुलांकडून उचललेलं खलास आणि यल्ला, म्हणजे 'चल लवकर', आणि उरलेलं चिनी. खानभाईंनाही ती मोठ्याने हाक मारायची. आईला मात्र काहीच म्हणायची नाही. तहान लागली की रिकाम्या पेल्यासमोर जाऊन उभी राहायची, कोणीतरी ओळखेपर्यंत. शुक्रवारी आजीला फोन लागला की रडून रडून उलटी काढायची. सईच्या मापाचे कपाटातले नवे फ्रॉक तिला ढगळ झाले. ती बाई रोज संध्याकाळी एकेक उसवत बसायची, आणि मुलगी तिच्यासमोर हात आडवे पसरून मुकाट्याने उभी राहायची. सईसारख्या गुदगुल्या तिला व्हायच्या नाहीत.

मे महिन्यात एका संध्याकाळी आम्ही खाडीच्या कडेला फिरत होतो. मुली पुढे पळत होत्या. ती म्हणाली, "सिस्टर, मैं वापस जाता है. लडकी के साथ. नानी के घर."

मी थांबलेच. इतकी वर्षं काढली, आता कुठे पोर हाताशी आली, शाळेचं नाव नक्की झालं. "आणि नोकरी?"

"नोकरी छोड दिया. वो दो साल रहेगा, फिर वो भी आएगा." नवऱ्याबद्दल बोलत होती. मग पुढे पळणाऱ्या मुलींकडे बोट करून म्हणाली, "मैं बोला, तुम इधर आओ, मेरा घर में. वो आ गया. लेकिन उसका घर उधर है. मैं उसका घर में कभी रहा ही नहीं. एक महिना गेस्ट. अभी मैं जाएगा, रहेगा. फिर देखेगा."

मी तिला पुष्कळ समजावलं. अजून सहा महिने थांब, पोरं रुळतात, तिथे जाऊन काय करशील? मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. माझी एकुलती एक शेजारीण होती ती, मला कोण होतं तिथे दुसरं? तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात फिरवला, आणि आम्ही भेळेसाठी थांबलो. मुलींना भूक लागली होती.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या सुमाराला त्या निघाल्या. भर दुपारची वेळ, खाली टॅक्सी उभी, खानभाई आणि नवरा सामान चढवत होते. मुलगी आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती, काच खाली करून सईशी काहीतरी गिल्ला करत होती. ती माझ्यासमोर उभी. माझे दोन्ही हात धरलेले. मला रडू येत होतं आणि ती मला सूचना देत होती. शिलाई मशिनला तेल घालायचं, ते मशिन आता सईचं. अम्माला सांग मी चिठ्ठी पाठवीन, गावातला मास्तर इंग्लिशमध्ये लिहून देईल. तू मीठ कमी खा, तुझे पाय सुजतात. पोहोचले की फोन करते, आणि तो फ्रिजवरचा...

"मा!"

टॅक्सीतून आवाज आला. चांगला खणखणीत, वैतागलेला. उन्हाने लाल झालेलं तोंड खिडकीतून बाहेर आलं होतं.

"मा! यल्ला!"

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे पाहिलं, पण मी तिला दिसत होते असं वाटत नाही. मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं, तो हातातली बॅग तशीच धरून उभा होता. मग तिने माझे हात सोडले आणि धावत सुटली, आणि पलीकडचं दार उघडून आत शिरली. नवरा घाईने पुढे बसला. टॅक्सी खाडीच्या रस्त्याला लागली, सिग्नलला वळली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, दोन्ही पुढे बघणारी.

"आई," सई माझा हात ओढत म्हणाली, "शी डिडन्ट इव्हन से बाय."

"नसू दे गं," मी म्हटलं. "तिला हाक आली."